बालीला आठ रात्री, पाच माणसं : कोणता डेटा प्लॅन घ्यावा?

प्रश्न असा आहे. पुण्याचं एक कुटुंब मार्चमध्ये मुलीची परीक्षा संपली की बालीला निघालंय. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सोबत आई-बाबा. तीन रात्री उबुद, दोन नुसा पेनिडा, तीन सेमिन्याक. भारतातल्या कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घ्यावा, घरबसल्या ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्ये उतरवून घेता येणारं सिम) घ्यावं, की विमानतळावर उतरून सिम विकत घ्यावं? आणि डेटा 10 जीबी पुरेल की 20?

मी बरीच वर्षं मोबाइल नेटवर्कच्या रोमिंगचं काम करते आहे, त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. तुम्हा दोघांच्या फोनमध्ये सिम किंवा ई-सिम घ्या, प्रत्येकी 10 ते 15 जीबी, आणि त्यातलं निदान एक टेल्कोमसेल या इंडोनेशियातल्या कंपनीच्या टॉवरवर चालणारं असू द्या. आई-बाबांपैकी एकाच्या फोनवर भारतीय कंपनीचा छोटा रोमिंग पॅक घ्या, ज्यात कॉलची मिनिटं असतील. चारही फोनमधली भारतीय सिम जागची हलवू नका. आणि हे सगळं करण्याआधी, शक्य असेल तर तिकिटं काढण्याआधी, न्येपी कधी आहे ते बघा.

न्येपीपासूनच सुरुवात करते, कारण मार्चचा प्रवास म्हटल्यावर हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे आणि कुठल्याही प्लॅनच्या जाहिरातीत ती सापडणार नाही. न्येपी हा बालीतल्या हिंदूंचा नववर्षदिन. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत संपूर्ण बेट मौन पाळतं. रस्त्यावर कुणी फिरत नाही, दुकानं बंद, विमानतळ बंद, दिवे मंद. गावोगावचे पेचलांग, म्हणजे पारंपरिक रक्षक, गस्त घालतात आणि पर्यटकांनाही हॉटेलच्या आवारातच थांबावं लागतं. 2018 पासून या दिवशी मोबाइल इंटरनेटही बंद ठेवतात. इथे प्लॅनचा काही उपयोग नाही. तुमचं सिम इंडोनेशियाचं असो, भारताचं असो की सिंगापूरचं, डेटा शेवटी बालीतल्याच टॉवरमधून येणार आणि तो बंदच असतो. हॉटेलचं वायफाय बहुतेक ठिकाणी चालू असतं, पण बुकिंग करताना तसं विचारून घ्या. नुसा पेनिडा हे वेगळं बेट असलं तरी बालीतच मोडतं, म्हणून तिथेही हाच नियम.

तारखेबाबत मराठी माणसाची एक गफलत होऊ शकते. बालीचं ते वर्ष शक संवत्सराचं आहे, आपल्या पंचांगातल्या शालिवाहन शकाचंच. त्यामुळे न्येपी म्हणजे पाडव्याच्या आसपासच असणार असं आपण धरून चालतो. 2026 मध्ये दोन्ही 19 मार्चलाच आहेत. 2025 मध्ये एका दिवसाचा फरक होता, न्येपी 29 मार्चला आणि पाडवा 30 ला. पण 2024 मध्ये न्येपी 11 मार्चला झाली आणि पाडवा थेट 9 एप्रिलला, कारण अधिक महिना धरण्याची त्यांची पद्धत वेगळी आहे. म्हणून घरच्या कॅलेंडरवरून अंदाज बांधू नका, बालीची तारीख वेगळी शोधा. माझ्या मते ती चुकवण्याची गरज नाही. आदल्या संध्याकाळी निघणाऱ्या ओगोह-ओगोह या राक्षसी पुतळ्यांच्या मिरवणुका मुलीला आयुष्यभर लक्षात राहतील. फक्त त्या दिवशी बोट किंवा विमान असू नये, आणि पुण्यातल्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावं की एक दिवस आमचा व्हॉट्सॲप कॉल लागला नाही तर घाबरू नका.

आता नेटवर्क. लोक जीबी मोजत बसतात आणि टॉवर कुणाचा हे विचारत नाहीत. माझ्या दृष्टीने क्रम उलटा हवा. बालीच्या मध्यभागातून पूर्वेकडे ज्वालामुखींची रांग गेली आहे. अगुंग तीन हजार मीटरच्या वर आहे, बातुर 1,717 मीटर. मोबाइलच्या लहरी डोंगर भेदून जात नाहीत. त्यामुळे दक्षिणेच्या सपाट पट्ट्यात, म्हणजे कुटा, सेमिन्याक, सानूर, नुसा दुआ इथे कुठल्याही कंपनीचं नेटवर्क चांगलं मिळतं आणि उबुद शहरातही अडचण येत नाही. फरक पडायला लागतो तो मुंडुक, सिदेमेन, अमेद अशा दऱ्याखोऱ्यांच्या बाजूला, आणि सगळ्यात जास्त नुसा पेनिडावर. तिथे केलिंगकिंगच्या कड्यावर रेंज आहे आणि पाच मिनिटं खाली उतरलात की नाही, असं घडतं. इंडोनेशियात सगळ्यात दूरवर पसरलेलं जाळं टेल्कोमसेलचं आहे. दुसऱ्या मोठ्या कंपन्या म्हणजे इंडोसॅट, जिच्या सिमवर आयएम3 किंवा ट्री (3) लिहिलेलं असतं, आणि 2025 मध्ये एक्सएल आणि स्मार्टफ्रेन एकत्र येऊन झालेली एक्सएलस्मार्ट. फक्त सेमिन्याकला राहायचं असतं तर मी यांतलं जे स्वस्त असेल ते घ्या म्हटलं असतं. तुमच्या बेतात दोन रात्री पेनिडा आहे, म्हणून टेल्कोमसेल. 5जीसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. त्याचं कव्हरेज तुकड्यातुकड्यात आहे आणि सुट्टीतल्या कामाला 4जी भरपूर होतं.

भारतीय रोमिंग पॅक घेतला तर तुमची कंपनी तिकडे कुणाशी करार करून आहे यावर सगळं अवलंबून असतं. करार दोन-तीन कंपन्यांशी असेल, तर फोन आपोआप सगळ्यात ताकदीचा सिग्नल पकडेलच असं नाही. घरची कंपनी त्याला आपल्या पसंतीच्या भागीदाराकडे वळवते, आणि ही पसंती बरेचदा दरांवरून ठरते. म्हणून रेंज असूनही नेट रखडत असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क निवड ‘ऑटोमॅटिक’वरून काढा, दोन मिनिटं यादी येऊ द्या आणि दुसरं नाव निवडून बघा. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात, आणि कस्टमर केअरला फोन लावायची वेळ येत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. रोमिंगमध्ये डेटा बहुतेक वेळा थेट तिथल्या इंटरनेटला जोडला जात नाही. तो आधी तुमच्या घरच्या कंपनीकडे जातो आणि मग पुढे. उबुदमध्ये ग्रॅब या ॲपवर टॅक्सी मागवताना तुमची मागणी आधी भारतात येते, मग ग्रॅबकडे जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. प्रत्येक फेरीला सहज शंभर मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो, आणि एक पान उघडायला अशा पुष्कळ फेऱ्या होतात. म्हणून नकाशे, टॅक्सी, हॉटेल शोधणं हे सगळं स्थानिक सिमवर चपळ चालतं आणि रोमिंगवर जड वाटतं. घरी केलेल्या व्हिडिओ कॉलला मात्र फारसा तोटा नाही, त्याला तसंही भारतातच यायचं असतं. रोमिंगचा एक फायदाही आहे. तुमचा इंटरनेट पत्ता भारतीय राहतो, त्यामुळे भारतातलं ओटीटी आणि परदेशातून न उघडणाऱ्या काही सरकारी वेबसाइट चालतात. स्थानिक सिमवर इंडोनेशियाची बंधनं लागू होतात. रेडिट तिथे बंद आहे.

ऑनलाइन मिळणारं प्रवासी ई-सिम या दोघांच्या मधलं. तेही रोमिंगच असतं, फक्त मूळ कंपनी सिंगापूर, हाँगकाँग किंवा आणखी कुठली असते. घेताना वर्णनात दोन ओळी शोधा: कोणतं नेटवर्क, आणि हॉटस्पॉट चालतं का. नेटवर्कचं नाव लिहिलेलंच नसेल तर ते घेऊ नका. ‘अमर्याद’ लिहिलं असेल तर रोज किती जीबीनंतर वेग उतरतो आणि कितीवर उतरतो ते बघा. 128 केबीपीएस इतक्या वेगावर 3 एमबीचा एक फोटो पाठवायला तीन मिनिटांहून जास्त लागतात, तेव्हा असला अमर्याद डेटा कागदावरच अमर्याद राहतो. भारतात परदेशी सिम आणि ई-सिम विकायला दूरसंचार विभागाची ना-हरकत लागते. ती नसल्यामुळे जानेवारी 2024 मध्ये दोन मोठ्या विक्रेत्यांची ॲप्स बंद केली गेली. म्हणून परवानगी असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. तुमचा फोन ई-सिम घेतो का हे बघायला डायल पॅडवर *#06# टाका. आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, आणि त्यासोबत ईआयडी असा लांबलचक आकडा दिसला तर घेतो. आपल्याकडच्या मधल्या किमतीच्या पुष्कळ फोनना ही सोय नसते. ई-सिम घरीच वायफायवर बसवून ठेवा आणि चालत नाही असं वाटलं तरी ते डिलीट करू नका, तोच कोड बहुधा दुसऱ्यांदा चालत नाही.

तिथलं सिम घ्यायचं ठरलं तर ते विमानतळावरच्या कंपनीच्या काउंटरवरून घ्या, किंवा शहरातल्या टेल्कोमसेलच्या ग्रापारी या अधिकृत केंद्रातून. शहरात स्वस्त पडतं हे खरं आहे. तरीही रस्त्यावरच्या टपरीतून घेऊ नका, आणि याचं कारण आयएमईआय. 2020 पासून इंडोनेशियात नोंद नसलेल्या हँडसेटवर स्थानिक सिम चालत नाही. पर्यटकाला 90 दिवसांपर्यंतची नोंद कंपनीच्या काउंटरवर पासपोर्ट दाखवून कर न भरता करून मिळते. टपरीवाला सिम देईल, ते दोन दिवस चालेलही, आणि पेनिडावर बंद पडेल. शिवाय नोंद त्या एका हँडसेटची असते. तुमच्या फोनवर नोंदलेलं सिम नंतर बाबांच्या फोनमध्ये घातलं तर चालेलच असं नाही. रोमिंग पॅक आणि प्रवासी ई-सिम यांना ही नोंद लागत नाही, हा त्यांचा खरा मोठा फायदा आहे. रात्री उशिरा उतरणार असाल, मुलगी पेंगुळलेली असेल, तर काउंटरच्या रांगेपेक्षा टेल्कोमसेलवर चालणारं ई-सिम घरूनच घेऊन या, चार पैसे जास्त गेले तरी.

काउंटरवर एकच प्रश्न नीट विचारायचा: यातला किती डेटा कुठेही आणि केव्हाही वापरता येतो? इंडोनेशियातले पॅक तुकड्यांचे असतात. फलकावर 30 जीबी लिहिलेलं असतं आणि आत डोकावलं की थोडा मुख्य कोटा, म्हणजे कुओता उतामा, थोडा कुओता लोकल, जो सिम घेतलेल्या भागातच चालतो, थोडा ठरावीक ॲपसाठी आणि थोडा फक्त मध्यरात्रीनंतरचा. तुमच्या कामाचा आकडा कुओता उतामाचा. पुढे-मागे गिली बेटांवर जायचं मनात आलं तर लक्षात ठेवा, ती लोंबोकला लागून आहेत, वेगळ्या प्रांतात, तेव्हा बालीचा लोकल कोटा तिथे चालेल असं धरू नका. खास पर्यटकांसाठीचे पॅक महाग असतात, पण त्यांत हे तुकडे कमी असतात, आणि आठ दिवसांसाठी मला ते पटतात. किंमत समजून घ्यायला रुपियाची शेवटची तीन शून्यं काढून साधारण साडेपाचने गुणा, म्हणजे रुपये कळतील.

आता जीबी. नकाशा लावून तासभर गाडी चालवली तर जेमतेम पाच-दहा एमबी जातात. व्हॉट्सॲपचे संदेश तर हिशेबातच धरू नका. तासाभराच्या व्हिडिओ कॉलला पाव ते अर्धा जीबी, तासभर रील्सला अर्धा ते एक जीबी. एवढंच असेल तर माणशी दिवसाला एक-सव्वा जीबीत आरामात भागतं, म्हणून मी 10 ते 15 म्हटलं. डेटा गळतो तो दुसरीकडूनच. आपण समुद्रावर व्हिडिओ काढतो. आयफोनवर 4के आणि 60 फ्रेम ठेवलं तर ॲपलच्याच हिशेबाने एका मिनिटाला 400 एमबी होतात. साध्या 1080पी 30 फ्रेमवर 60 एमबी. दिवसभरात वीस मिनिटांचं चित्रण झालं तर 4केमध्ये 8 जीबी. आता गूगल फोटोज किंवा आयक्लाउडचा बॅकअप मोबाइल डेटावर चालू असेल, तर तुम्ही जेवत असताना तो सगळा कोटा वर चढवून टाकेल. निघण्याआधी चारही फोनवर बॅकअप ‘फक्त वायफाय’ करा, व्हॉट्सॲपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, ॲप अपडेट वायफायवर ठेवा. या तीन सेटिंगनी जेवढी बचत होते तेवढी कुठल्याच सवलतीने होत नाही. मुलीसाठी कार्टून घरूनच उतरवून न्या. नेटफ्लिक्स एचडीमध्ये तासाला 3 जीबीपर्यंत जातं. बालीचा ऑफलाइन नकाशा तर हवाच, पेनिडासाठी खास करून.

एकच मोठा प्लॅन घेऊन हॉटस्पॉटवर सगळं कुटुंब चालवायचं, हा विचार मोहात पाडतो. पण सुट्टीत माणसं पांगतात. एकजण मुलीला घेऊन पाण्यात असतो, आई-बाबा देवळात, आणि ज्याच्या खिशात नेट आहे त्याची बॅटरी दुपारीच संपते. म्हणून दोघांकडे दोन मध्यम प्लॅन. शक्य असेल तर एक टेल्कोमसेलचा आणि दुसरा वेगळ्या कंपनीचा घ्या, म्हणजे एकाची रेंज गेली तर दुसऱ्याची असण्याची शक्यता राहते. पेनिडाच्या पश्चिम कड्यांवर याचा खूप उपयोग होतो. तिथे ग्रॅब किंवा गोजेक या ॲपवरची टॅक्सी सहसा मिळतच नाही. सानूरहून बोट सुटण्याआधी गाडीवाला ठरवा आणि त्याच्याशी भेटायची जागा आणि वेळ तोंडी पक्की करा.

आई-बाबांचं मात्र वेगळं आहे. त्यांना नवं सिम, नवा नंबर, दोन सिमची सेटिंग यात अडकवू नका. रोज संध्याकाळी मावशीला, आत्याला फोन करायचा, तो त्यांच्या नेहमीच्या नंबरवरून झाला की त्यांचा दिवस चांगला जातो. त्यांच्यासाठी भारतीय कंपनीचा मिनिटं असलेला छोटा पॅक हाच योग्य खर्च. त्यात येणारे कॉल मोफत आहेत की त्या मिनिटांतूनच वजा होतात, ते वाचा. दिवस कसा मोजतात तेही बघा. काही पॅकचा दिवस भारतीय वेळेने मध्यरात्री बदलतो, म्हणजे बालीत पहाटे अडीचला. काहींचा पहिल्या वापरापासून 24 तास धरतात. आणि सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलणार असाल तर फोन तिथे विमान मोडमध्येच ठेवा, विमानतळाचं वायफाय वापरा, नाहीतर पॅकचा पहिला दिवस तिथेच सुरू होतो.

भारतीय सिम जागेवर ठेवायचं कारण ओटीपी. बँक, कार्ड, यूपीआय सगळं त्या नंबरला बांधलेलं आहे. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा चालू करून घ्या, प्रीपेड असेल तर वैधता परतीच्या दिवसानंतरपर्यंतची ठेवा. परदेशात येणारा एसएमएस सहसा मोफत असतो, पण त्यासाठी सिम तिथल्या नेटवर्कवर नोंदलं जावं लागतं, आणि सेवा बंद असेल तर ते नोंदलंच जात नाही. मग सेटिंग अशी: भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद, डेटासाठी दुसरं सिम निवडलेलं, आणि एका सिमचं नेट गेलं की दुसऱ्यावर आपोआप जाण्याची सोय बंद. ही तिसरी सोय आणि भारतीय सिमचं डेटा रोमिंग दोन्ही चालू राहिलं तर त्या सिमवरून पॅकशिवाय डेटा जातो आणि बिल हजारांत येऊ शकतं. प्रवासी ई-सिमचं डेटा रोमिंग मात्र चालू हवं, कारण ते स्वतःच रोमिंगवर असतं. ई-सिम चालत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत हेच कारण सगळ्यात जास्त निघतं. विमानातलं आणि क्रूझवरचं मोबाइल नेटवर्क हे उपग्रहाचं, वेगळ्या दराचं असतं, साध्या पॅकमध्ये ते येत नाही. विमान मोड काढायचा तो उतरल्यावरच.

निघायच्या आठवड्यात ग्रॅब आणि गोजेक भारतीय नंबरवर नोंदवून ठेवा, ओटीपी घरी असताना लगेच येतो. व्हिसा, 1,50,000 रुपियाच्या बाली पर्यटन शुल्काची पावती आणि आगमनाच्या अर्जाचा क्यूआर यांचे स्क्रीनशॉट पाचही जणांचे दोन फोनवर ठेवा. इमिग्रेशनच्या रांगेत तुमच्याकडे अजून नेट नसणार, आणि तिथल्या वायफायवर त्याच वेळी अख्खं विमान असतं.